‘माझा मेंदूच तसा आहे’ असे ऐकावे लागते तेव्हा

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे प्रौढ वयात झालेल्या एडीएचडीच्या, म्हणजे अवधानाचा अभाव व अतिचंचलता या विकाराच्या, निदानाविषयी आहेत. काही स्वतः निदान झालेल्यांची आहेत, आणि त्याहून अधिक त्यांच्याबरोबर राहणाऱ्यांची व काम करणाऱ्यांची आहेत. त्यांतील चार पत्रे, लिहिणाऱ्यांची ओळख पटणार नाही अशा बेताने संक्षिप्त करून, येथे घेतली आहेत. एकाच्या तक्रारीचे उत्तर पुष्कळदा दुसऱ्याच्या पत्रात सापडते, म्हणून शक्य असल्यास चारही सलग वाचावीत.

प्रश्न : माझ्या पतींना दीड वर्षापूर्वी, वयाच्या ३९व्या वर्षी, एडीएचडीचे निदान झाले. त्याआधीची दहा वर्षे विसरलेली बिले, अर्धवट टाकलेली कामे आणि किरकोळ गोष्टीवरून डोक्यात राख घालून घेणे यांत गेली होती, त्यामुळे निदान झाले तेव्हा मला खरोखर हायसे वाटले. आता मात्र प्रत्येक गोष्टीचे खापर एडीएचडीवर फुटते. मागच्या महिन्यात मुलीला शाळेतून आणण्याची त्यांची पाळी होती आणि ते विसरले. ती पाऊण तास फाटकाशी एकटी उभी होती. संध्याकाळी मी विषय काढला तेव्हा ते ओरडून म्हणाले, “माझा मेंदूच तसा आहे, डॉक्टरांनी लिहून दिलंय, तुला समजून घ्यायचंच नाही.” मुलीशी ते त्याविषयी एक शब्दही बोलले नाहीत. कार्यालयात मात्र त्यांचे काम चोख असते. मी एका आजारी माणसावर अन्याय करते आहे की माझ्यावर अन्याय होतो आहे, हेच मला कळेनासे झाले आहे.

उत्तर : तुमच्या पत्रातील त्या एका दिवसात तीन वेगवेगळ्या गोष्टी घडल्या. तुमचे पती मुलीला आणायला विसरले, विषय निघताच त्यांनी आवाज चढवला, आणि मुलीशी ते काहीच बोलले नाहीत. या तिन्ही गोष्टी एकाच गाठोड्यात बांधून तुमच्यापुढे ठेवल्या गेल्या, म्हणून दोष नेमका कशाला द्यावा हे तुम्हाला उमगत नाही. आपण ते गाठोडे सोडून पाहू.

विसरणे हे या विकाराच्या अगदी गाभ्यातले आहे. एडीएचडी असलेल्या माणसाला काय करायचे ते ठाऊक नसते असे नाही. ठाऊक असलेली गोष्ट नेमक्या वेळी मनात वर येणे आणि तिच्यासाठी हातातले काम बाजूला ठेवता येणे, हे त्याला अवघड जाते. तीन वाजता निघायचे आहे हे तुमच्या पतींना सकाळी माहीत असते, कदाचित दीड वाजताही आठवलेले असते; पण एखाद्या कामात शिरल्यावर किती वेळ सरला याची आतून येणारी चाहूल त्यांना इतरांच्या मानाने फार क्षीण लागते. मेंदूचा पुढचा भाग, त्याच्याशी जोडलेली जाळी आणि डोपामिन व नॉरॲड्रेनलिन ही रसायने यांच्या कामाशी याचा संबंध आहे. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून असे दिसते, की या लक्षणांत माणसामाणसांत जो फरक आढळतो त्यातील सुमारे ७० ते ८० टक्के वाटा आनुवंशिकतेचा असतो. तेव्हा मुलीवर माया नाही म्हणून ते विसरले, असे तुमच्या मनात कुठे आले असेल तर ते काढून टाका, कारण मायेचा आणि या विसरण्याचा काही संबंध नाही.

मग कार्यालयात काम चोख कसे होते, ही शंका मी जवळजवळ प्रत्येक जोडीदाराकडून ऐकतो आणि ती बहुतेकांना चुकीच्या निष्कर्षापर्यंत नेते. कार्यालयात कामाच्या वेळा ठरलेल्या असतात, मुदत गळ्याशी आलेली असते, वरिष्ठ विचारणा करत असतात. म्हणजे आठवण करून देण्याचे काम बाहेरची व्यवस्था करत असते. घरी अशी व्यवस्था बहुधा एकच असते, आणि ती म्हणजे तुम्ही. कार्यालयातले चोख काम हा ते घरी सोंग करत असल्याचा पुरावा नाही. घरीही तशी व्यवस्था उभी केली तर गोष्टी सुधारू शकतात, एवढे मात्र त्यावरून नक्की कळते.

आता चढलेल्या आवाजाकडे येऊ. अमेरिकन सायकिॲट्रिक असोसिएशनच्या निदानपुस्तिकेची पाचवी आवृत्ती २०१३ साली निघाली. तिच्यात एडीएचडीची १८ लक्षणे दिली आहेत. त्यांपैकी नऊ अनवधानाची आणि नऊ अतिचंचलता व उतावळेपणाची आहेत. रागाचा भडका या १८ मध्ये नाही. तथापि चटकन चिडणे आणि मनाविरुद्ध घडलेले सहन न होणे या गोष्टी एडीएचडीच्या सोबतीने आढळतात, हे त्याच पुस्तिकेत नोंदवलेले आहे, आणि माझ्यासमोर बसणाऱ्या माणसांतही मी ते रोज पाहतो. म्हणून पहिल्या काही मिनिटांतला भडका त्यांच्या विकाराच्या खात्यावर टाकायला मी तयार आहे. पण भडका ओसरतो. तासाभराने, किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी, तुमच्यापाशी येऊन “काल मी चुकलो” असे म्हणण्याच्या आड एडीएचडीचे कोणतेही लक्षण येत नाही.

तिसरी गोष्ट मला सर्वांत जास्त लागली. एकेक करून सगळी मुले घरी गेली, फाटक अर्धे लागले, आणि तुमची मुलगी दप्तर पायाशी ठेवून रस्त्याकडे पाहत उभी आहे, हे चित्र पत्र वाचून झाल्यावरही माझ्या डोळ्यांसमोरून हलले नाही. त्या संध्याकाळी तिच्या कानावर पडले ते आईबाबांचे भांडण, आणि ते आपल्यामुळे झाले असे मुलांना फार सहज वाटते. तिच्याजवळ बसून “मी विसरलो, तू घाबरली असशील, चूक माझी होती” एवढे सांगायला दोन मिनिटांचे अवधान पुरते. ते न सांगण्याला वैद्यकीय नाव नाही. मी तुमच्या पतींना दुष्ट ठरवत नाही. लहानपणापासून ‘वेंधळा’, ‘बेजबाबदार’ अशी दूषणे ऐकत आलेल्या माणसाला आणखी एक चूक पदरात घेणे असह्य होते, आणि त्या लाजेपोटी तो गप्प बसतो किंवा उलट अंगावर येतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. तरीही त्या लाजेचे काय करायचे हा त्यांचा प्रश्न आहे. त्याची किंमत मुलीने मोजायची नाही.

आपल्या भाषेत ‘कारण’ हा शब्द मोठा बोलका आहे. एकवचनात तो उलगडा करतो, एखादी गोष्ट का घडली ते सांगतो. अनेकवचनात, म्हणजे ‘कारणे सांगू नकोस’ असे आपण म्हणतो तेव्हा, त्याचा अर्थ अंग काढून घेणे असा होतो. निदान झाले तेव्हा तुमच्या घराला कारण मिळाले होते, आणि दीड वर्षात त्याची कारणे झाली. या दोहोंतला फरक ओळखण्याची एक खूण मी वापरतो. ज्याला उलगडा झाला आहे तो पुढच्या वेळेसाठी काहीतरी करून ठेवतो. कारणे सांगणारा समोरच्याने अपेक्षा सोडून द्यावी एवढेच मागतो. म्हणून भांडणाच्या भरात ‘हा एडीएचडी की बेफिकिरी’ याचा निवाडा करत बसू नका, त्याला अंत नाही. शांत वेळी एवढेच विचारा, की पुढच्या वेळी त्यांची पाळी असेल त्या दिवशी काय व्यवस्था असेल. निघण्याच्या वीस मिनिटे आधी एक गजर आणि निघायच्या क्षणी दुसरा, तोही उठून पलीकडच्या खोलीत जाऊन बंद करावा लागेल असा ठेवलेला. शिवाय उशीर झालाच तर मुलीपाशी थांबेल अशा एखाद्या पालकाशी आधीच बोलून ठेवलेले. ही व्यवस्था त्यांनी स्वतः उभी करायची आहे. ती तुम्ही करून दिलीत, तर त्या गजराच्या जागी तुम्हीच असाल.

हे शेवटचे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण अशा घरांत पती आणि पत्नी हे नाते हळूहळू आई आणि मुलगा असे होऊन बसते. एक सतत आठवण करून देत राहते, दुसरा सतत बोलणी खात राहतो, आणि दोघांचाही जीव मेटाकुटीला येतो. त्यांचे उपचार खरोखर चालू आहेत का, की निदानाचा कागद मिळाल्यावर ते पुन्हा तज्ज्ञांकडे गेलेच नाहीत, हे तुमच्या पत्रात नाही. ते जरूर विचारा. पुढच्या भेटीला तुम्हीही बरोबर जावे असे मला वाटते, कारण घरात काय घडते हे तज्ज्ञांना एकाच बाजूने कळत असेल तर उपचारही एकाच बाजूने होतात.

तुमच्या पत्रात मारहाणीचा किंवा धमकावण्याचा उल्लेख नाही, पण इतर काही पत्रांत तो आहे. जेथे हात उगारला जातो, जेथे घरातले माणूस जीव मुठीत धरून राहते, तेथे निदान कोणते आहे याची चर्चा मागून करावी. आधी त्या माणसाने सुरक्षित जागी जावे आणि मदत मागावी.

प्रश्न : मी ३४ वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी मला एडीएचडीचे निदान झाले, औषधे चालू आहेत, पण कार्यालयात मी हे कोणालाही सांगितलेले नाही. आमच्या विभागातला एक सहकारी बैठकीत लोकांना तोडून बोलतो, कनिष्ठांची सर्वांसमोर खिल्ली उडवतो, आणि कोणी हरकत घेतली की “मला एडीएचडी आहे, माझ्या जिभेला हाड नाही” असे म्हणून मोकळा होतो. त्यामुळे आता अशी माणसे उद्धटच असतात असे सगळे बोलू लागले आहेत. एकदा मी आडून विषय काढला तेव्हा आमच्या वरिष्ठ बाई म्हणाल्या, “तुला कुठला एडीएचडी, तू तर किती शांत आहेस!” मी सांगावे की गप्प राहावे?

उत्तर : सुक्याबरोबर ओलेही जळते म्हणतात, ते तुमच्या बाबतीत अक्षरशः घडते आहे. ज्या माणसाने या नावाची ढाल केली त्याचे काहीच बिघडले नाही, आणि तुम्ही मात्र खरी गोष्ट बोलायला कचरता आहात. मला या प्रकाराचा मनापासून राग येतो.

तुमच्या वरिष्ठांच्या वाक्यामागे मात्र दुष्टावा नसावा, जुना साचा आहे. जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञांनी १९०२ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये दिलेली तीन व्याख्याने या विकाराच्या इतिहासात आरंभीची मानली जातात. बुद्धी चांगली असूनही स्वतःला आवर घालू न शकणाऱ्या मुलांचे वर्णन त्यांनी केले, आणि त्याला नाव दिले ते ‘नैतिक नियंत्रणातील दोष’ अशा अर्थाचे. म्हणजे विकार आणि चारित्र्य यांची सरमिसळ अगदी पहिल्या पानापासून झालेली आहे. पुढे १९६८ च्या निदानपुस्तिकेत त्याला बालपणातील अतिचंचलतेची प्रतिक्रिया म्हटले गेले, आणि किशोरवयात ती बहुधा कमी होते असे लिहिले गेले. अवधानाला नावात पहिले स्थान मिळाले ते १९८० साली. वर्गात एका जागी न बसणारा मुलगा हा साचा असा तयार झाला आणि लोकांच्या मनात तो तसाच राहिला. त्या साच्यात न बसणाऱ्या, खिडकीशी बसून स्वतःत हरवून जाणाऱ्या, वही पूर्ण न करणाऱ्या, पण कोणालाही त्रास न देणाऱ्या मुली त्यातून निसटल्या. लहानपणी मुलग्यांत या विकाराचे प्रमाण मुलींच्या साधारण दुप्पट आढळते, तर प्रौढांत ते १.६ पुरुषांमागे एक स्त्री इतके जवळ येते. याचा एक अर्थ असा, की मुलींची लक्षणे वेळेवर कोणाच्या लक्षात येत नाहीत. शिवाय प्रौढपणी अतिचंचलता अंगात दिसेलच असे नाही. ती आत अस्वस्थपणे फिरत राहते, आणि बाहेरून माणूस शांत दिसतो. ‘शांत’ दिसण्यासाठी तुम्हाला दिवसभर किती कष्ट पडतात, हे त्या बाईंना दिसणे शक्यच नाही.

अलीकडे या जुन्या साच्याच्या जोडीला एक नवा साचा आला आहे: एडीएचडी असलेला माणूस म्हणजे प्रतिभावान, मनस्वी आणि म्हणून शिष्टाचाराच्या पलीकडचा. तोही तितकाच खोटा आहे. काही जणांना आवडीच्या विषयात तासन्‌तास बुडून जाता येते हे खरे, पण त्या बदल्यात बाकी सगळे माफ करावे असा करार कोणी कोणाशी केलेला नाही.

तुमच्या सहकाऱ्यांविषयी बोलायचे तर, दुसऱ्याचे वाक्य पूर्ण होण्याआधी बोलणे, स्वतःच्या पाळीची वाट पाहता न येणे, मध्ये घुसणे ही एडीएचडीची नोंदलेली लक्षणे आहेत, हे मान्य करायला हवे. परंतु उतावळेपणामुळे वाक्य वेळेआधी बाहेर पडते. त्या वाक्यात कनिष्ठाची टवाळी भरण्याचे काम उतावळेपणा करत नाही. उतावळेपणाने बोललेले सगळ्यांच्याच अंगावर येते, वरिष्ठांच्याही. हे गृहस्थ वरिष्ठांची खिल्ली उडवत नसतील, तर त्यांच्या जिभेला हाड आहे आणि ते कधी वापरायचे हेही त्यांना ठाऊक आहे.

या संदर्भात एक मोठा अभ्यास सांगण्याजोगा आहे. स्वीडनमध्ये एडीएचडीचे निदान झालेल्या २५ हजारांहून अधिक लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या आणि निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. तीच माणसे औषध घेत असतानाच्या काळात, औषध न घेतानाच्या काळापेक्षा, त्यांच्या हातून गुन्हे घडण्याचे प्रमाण पुरुषांत ३२ टक्क्यांनी आणि स्त्रियांत ४१ टक्क्यांनी कमी आढळले. या आकड्यांवरून एडीएचडी असलेली माणसे गुन्हेगार असतात असा अर्थ काढणे हा निव्वळ अन्याय होईल, कारण बहुसंख्य माणसे गुन्ह्याच्या वाटेला कधीच जात नाहीत. मी त्यातून घेतो ते इतकेच, की उतावळेपणाने होणारे नुकसान उपचारांनी कमी होण्यासारखे आहे. जे कमी करता येते ते ‘मी असाच आहे’ म्हणून लोकांच्या माथी मारता येत नाही.

सांगावे की गप्प राहावे, याचे उत्तर तुमच्या गरजेवरून ठरवा. सहकाऱ्याने मलिन केलेले नाव उजळून काढण्याची जबाबदारी तुमच्यावर नाही. वैद्यकीय बाब कोणालाही सांगण्यास तुम्ही बांधील नाही. एखादी सोय हवी असेल, तर पुष्कळदा निदानाचे नाव न घेता ती सोय मागता येते: “तोंडी सांगितलेली कामे माझ्याकडून सुटतात, ती दोन ओळींत लिहून मिळाली तर वेळेवर होतील.” तुमच्या सहकाऱ्याच्या वागण्याबद्दलची तक्रारही वागण्याचीच करा. त्याला एडीएचडी आहे किंवा नाही या वादात शिरलात, तर कनिष्ठांची टवाळी बाजूला राहील आणि चर्चा त्याच्या मेंदूवर होत राहील.

प्रश्न : मी २७ वर्षांचा आहे. समाजमाध्यमांवरच्या चित्रफिती पाहून मला एडीएचडी आहे अशी माझी खात्री झाली आहे. मित्रांनाही मी तसे सांगतो. तपासणी करून घेणे खरोखर आवश्यक आहे का?

उत्तर : आवश्यक आहे. एका मिनिटाच्या चित्रफितीत सांगितलेली लक्षणे जवळजवळ प्रत्येकाला कधी ना कधी स्वतःत दिसतात, कारण विसरणे, कंटाळणे आणि काम पुढे ढकलणे हे माणसाचेच गुण आहेत. निदानासाठी त्याहून बरेच काही लागते. १७ वर्षे व त्यापुढील वयात अनवधान किंवा अतिचंचलता व उतावळेपणा यांपैकी एका गटातील किमान पाच लक्षणे सहा महिने टिकून असावी लागतात; त्यांतील काही १२ वर्षांच्या आधीपासून असावी लागतात; ती घर, शिक्षण, काम यांपैकी किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात; आणि त्यांमुळे जगण्यात खरा अडथळा यावा लागतो. अपुरी झोप, चिंता, नैराश्य, थायरॉइडचे विकार, व्यसन यांनीही लक्ष उडते, आणि त्यांचे उपचार निराळे असतात. या विकारासाठी रक्ताची किंवा मेंदूच्या चित्रणाची चाचणी उपलब्ध नाही. तज्ज्ञ तुमच्याशी सविस्तर बोलतात, शक्य असेल तर घरच्यांशी बोलतात, जुनी प्रगतिपुस्तके पाहतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रश्नावलीतील सहा प्रश्न स्वतः सोडवता येतात, पण ती चाळणी आहे; तिच्यातून निदान होत नाही.

प्रौढांमध्ये या विकाराचे प्रमाण साधारण अडीच टक्के मानले जाते, म्हणजे तुम्हाला तो असणे अगदी शक्य आहे आणि तुमची शंका मी हसण्यावारी नेत नाही. तुम्ही मनोमन हैराण असाल तर तपासणी लांबवू नका. तोपर्यंत मित्रांना निदान सांगण्याऐवजी अडचण सांगा. “मला वेळेचा अंदाज येत नाही, मी त्यावर काय करता येईल ते पाहतो आहे” हे वाक्य खरेही आहे आणि पुरेसेही.

प्रश्न : माझे वय ४२. तीन वर्षांपूर्वी निदान झाले तेव्हा मी रडलो होतो, कारण मी आळशी नाही हे मला पहिल्यांदाच कोणीतरी सांगितले. त्यानंतर मी भेटेल त्याला एडीएचडीविषयी सांगत सुटलो. मागच्या आठवड्यात माझ्या वीस वर्षांच्या मित्राने मैत्री संपवली. तो म्हणाला, “तू दर वेळी उशिरा येतोस, उसने घेतलेले पैसे चार वेळा मागूनही देत नाहीस, आणि मी काही बोललो की मला मेंदूवर व्याख्यान ऐकावं लागतं. तीन वर्षांत तू एकदाही ‘माझं चुकलं’ म्हणालेला नाहीस.” मला तीन रात्री झोप नाही. मी आजारी आहे की वाईट माणूस आहे?

उत्तर : तुमचे पत्र मी दोनदा वाचले. स्वतःबद्दलची इतकी कडू गोष्ट एकही शब्द न लपवता लिहिणाऱ्या माणसाला वाईट म्हणण्याचे मला कारण दिसत नाही. तुम्हाला विकार आहे, आणि तुम्ही मित्राला दुखावले आहे. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि त्यांतल्या एकीने दुसरी पुसली जात नाही.

हे कसे घडले असावे ते मला समजू शकते. चाळीस वर्षे ज्याला प्रत्येक चुकीबद्दल ‘मनात आणलंस तर जमेल’ असे ऐकावे लागले, त्याला एके दिवशी कळते की प्रश्न मनात आणण्याचा नव्हताच. ते कळणे इतके मोठे असते की माणूस ते सर्वांना सांगतो, पुन्हा पुन्हा सांगतो, आणि जुन्या सगळ्या आरोपांना त्याच एका वाक्याने उत्तर देऊ लागतो. पण तुमचा मित्र तुमच्या जुन्या शिक्षकांपैकी नव्हता. तो तुमच्यावर आळशीपणाचा आरोप करत नव्हता. ठरलेल्या ठिकाणी एकटा थांबून त्याला कसे वाटले, हे तो सांगत होता. तुम्ही उत्तर भलत्याच प्रश्नाचे दिलेत.

माझ्याकडे येणाऱ्या एका गृहस्थांच्या पाकिटात एक चौघडी घातलेला कागद असतो, घड्यांवर विरलेला, कडा काळवंडलेला. त्यावर पेन्सिलीने तीन ओळी आहेत : ‘मी काय केलं? त्याला काय सोसावं लागलं? मी आता काय करतोय?’ माफी मागायची वेळ आली की ते आधी हा कागद काढून वाचतात, कारण ऐन वेळी मन भरकटते हे त्यांना ठाऊक आहे. ‘असं का झालं’ ही ओळ त्यांनी मुद्दाम घातलेली नाही. ती असली की आपण तिच्यातच अडकतो आणि बाकीच्या दोन ओळींपर्यंत पोहोचतच नाही, असे त्यांनी मला सांगितले. हा कागद त्यांना मी दिलेला नाही, त्यांचा त्यांनी शोधला. त्यांच्या परवानगीने येथे सांगतो आहे.

‘मी आता काय करतोय’ या ओळीत ‘पुन्हा असं होणार नाही’ असे लिहू नका, कारण तुमच्या बाबतीत ते पाळले जाण्याची खात्री नाही आणि मोडलेले वचन आधीच्या चुकीहून अधिक लागते. त्याऐवजी दिसेल असे काही लिहा. उशिरासाठी : निघण्याची वेळ कॅलेंडरमध्ये भेटीच्या वेळेपेक्षा वेगळी नोंदवणे, आणि उशीर होतो आहे असे कळताच त्याच क्षणी कळवणे, पोहोचल्यावर नाही. पैशांसाठी : रक्कम लक्षात ठेवून देण्यावर विसंबू नका, बँकेतून ठरल्या तारखेला आपोआप जाईल अशी सूचना देऊन ठेवा. औषध घेत असाल तर मिथाइलफेनिडेटसारख्या औषधाचा प्रभाव काही तासांचा असतो. तुमच्या भेटीगाठी संध्याकाळच्या असतील आणि तोवर तो ओसरत असेल, तर मात्रा व वेळा यांविषयी तज्ज्ञांशी बोला, स्वतःहून बदल करू नका. औषधाच्या जोडीला प्रौढांसाठीचा संज्ञानात्मक वर्तनोपचारही उपयोगी पडतो. त्यात नियोजन, कामे टाळण्याची सवय आणि स्वतःला दोष देण्याची सवय या तिन्हींवर काम होते. तुमच्या तीन रात्रींच्या जागरणाबद्दलही तज्ज्ञांना सांगा. ते किरकोळ समजून सोडून देऊ नका.

मित्राला पत्र लिहा. बोलायला गेलात तर पुन्हा व्याख्यान होण्याचा धोका आहे. पत्र एका पानाचे असावे आणि त्यात एडीएचडी हा शब्द एकदाही येऊ नये. त्याला तो पुरता ठाऊक आहे. कोणत्या भेटींना तुम्ही किती उशिरा गेलात यांतल्या आठवतील तेवढ्या नावानिशी लिहा, कारण तुम्हाला त्या आठवतात हे त्याला कळणे महत्त्वाचे आहे. तो उत्तर देईल किंवा देणार नाही, तो त्याचा अधिकार आहे, आणि उत्तर आले नाही तर दुसरे पत्र पाठवू नका. पैसे मात्र पत्र लिहायला बसण्याआधी पाठवून द्या, सगळे एकदम, आणि ते पाठवल्याचा पत्रात उल्लेख करू नका.